पडवी का उडाली: आंजर्ल्याजवळच्या एका घराचं प्रकरण

काकांच्या घरावरचं कौल उपडं केलं की पाठीवर कारखान्याचा छाप दिसतो, शेवाळ खरवडलं तर अक्षरंही लागतात. ते एक कौल पिशवीत घालून मी निसर्ग चक्रीवादळानंतर, जून २०२०मध्ये, खेड, दापोली, मंडणगड असा सगळीकडे फिरलो, कारण मंगळोरी कौलं लांबून एकसारखी दिसली तरी एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, अर्ध्या बोटाचा फरक पडतो आणि त्या अर्ध्या बोटातून चार महिने पाणी गळतं. डिप्लोमा सिव्हिल करून बारा वर्षं साईटवर काढली तरी हे मला माहीत नव्हतं. काकूने सांगितलं.

तर प्रकरण त्या घराचं. दापोली तालुका, आंजर्ल्याच्या जवळची एक वाडी, आजोबांनी साठ सालाच्या आसपास बांधलेलं घर. जांभ्याचे चिरे, मातीत बांधलेली भिंत, वरून चुन्याचा गिलावा. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, बाजूला दोन खोल्या, ऐनाचे वासे, वर मंगळोरी कौलं आणि पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, चांगलं उभं, त्यामुळे पाणी थांबत नाही. मागे नंतर बांधलेली स्लॅबची न्हाणी. आणि पुढे, समुद्राच्या बाजूला, २०१२मध्ये काकांनी हौसेने घातलेली पत्र्याची पडवी, २४ बाय ८ फुटांची. घर आणि समुद्र यांच्यामधे वाडी आहे, माड-पोफळी, मग सुरूचं बन, मग वाळू. घरात फक्त काका आणि काकू, दोघंही सत्तरीच्या पुढे, बाकी सगळे मुंबई-डोंबिवली-पुणे. मी त्यातल्या त्यात जवळ, चिपळूणला.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२०ला दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. हवामान खात्याच्या हिशोबात वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२०पर्यंत. आमची वाडी तिथून दक्षिणेला, सरळ रेषेत ३५-४० किलोमीटरवर, म्हणजे वादळाच्या उजव्या हाताला आलो आम्ही. हा उजवा हात वाईट असतो, कारण आपल्याकडे वादळातला वारा घड्याळाच्या उलट फिरतो, आणि उजवीकडे फिरण्याचा वेग आणि वादळाच्या चालीचा वेग एकात एक मिसळतात.

आदल्या दिवशी मी फोन केला तेव्हा काका अगदी निवांत. "अरे, फयानला काय झालं? वीस कौलं गेली. हे घर वाडवडिलांनी बांधलंय, तुझ्यासारख्या इंजिनिअरने नाही." फयान म्हणजे ११ नोव्हेंबर २००९चं. बोलणं बरोबरच होतं, फक्त फयानच्या वेळी पडवी नव्हतीच ना! परीक्षा पास झालं ते जुनं घर, पडवीने परीक्षा दिलेलीच नव्हती. हे मला तरी तेव्हा फोनवर कुठे सुचलं, मीही म्हटलं हो काका, बरोबर आहे, फक्त बॅटरी चार्ज करून ठेवा.

तयारी केली नाही असं अजिबात नाही, उलट बऱ्याच गोष्टी फार शहाणपणाच्या केल्या. काकूची आगोटची बेगमी झालेलीच होती, तांदूळ, डाळी, कोकमं, सुकी मासळी सगळं माळ्यावर जातं दरवर्षी, यंदा तिने ते माळ्यावर न चढवता प्लास्टिकच्या पिंपात भरून माजघरात कोपऱ्यात ठेवलं. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, पासबुकं, आधार सगळं दुधाच्या प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून स्टीलच्या डब्यात, डबा न्हाणीत. गाय आणि वासरू दावं सोडून मोकळं. टाकी काठोकाठ भरली, कारण लाईट गेली की पंप गेला. मेन स्विच बंद केला, आणि हे तिने केलं, काकांनी नाही. घरावर वाकलेल्या माडाच्या सुक्या झावळ्या आणि नारळ पाडेलीकडून, म्हणजे माडावर चढणाऱ्याकडून, आठवड्याआधी उतरवून घेतले होते ते केवळ योगायोगाने, पण ते नारळ वर राहिले असते तर मला हे लिहिताना आणखी एक पान लागलं असतं.

एक गोष्ट मात्र चुकली आणि ती चूक आख्ख्या किनाऱ्यावर लोक करतात म्हणून जरा थांबून सांगतो. पत्रे हलू नयेत म्हणून काकांनी पडवीवर सहा चिरे चढवले. एकेक चिरा पंचवीस-तीस किलोचा, सत्तरीच्या माणसाने शेजारच्या पोराला हाताशी धरून शिडीवरून वर नेलेला.

३ तारखेला सकाळी वारा पूर्वेकडून, म्हणजे डोंगराच्या बाजूने, घराच्या पाठीवर. काका ओटीवर बसून चहा प्यायले. अकराच्या पुढे वारा दक्षिणेला सरकला आणि पोफळी वाकायला लागल्या, कडाकड मोडायलाही लागल्या, काकू म्हणते बंदुकीसारखा आवाज यायचा, एक, थांब, मग तीन-चार एकदम. एक-दीडच्या सुमाराला वारा फिरला आणि थेट समुद्राकडून आला. पडवीचं तोंड त्याच बाजूला. दोन्ही बाजूंना काकूने झड येऊ नये म्हणून मेणकापड बांधलेलं, मागे घराची भिंत, पुढे मात्र सगळं उघडं. म्हणजे वाऱ्याला आत यायला दार आहे आणि बाहेर जायला वाट नाही.

काकांनी पाहिलं ते असं: आधी पत्र्यांचा थडथड आवाज, मग तो एकदम थांबला. त्या थांबलेल्या क्षणात पडवी जमिनीपासून, आपलं, खांबांपासून सुटून वर होती. पत्रे, हुक, पाईप, सगळं एका तुकड्यात. ती जाताना घराच्या पाख्याची खालची कड उचकटून घेऊन गेली, कारण २०१२मध्ये फॅब्रिकेटरने पडवीचा मागचा पाईप घराच्या वाशांच्या टोकांना तारेने आवळला होता, "तेवढाच आधार" म्हणून. आणि सहा चिऱ्यांपैकी दोन वरून माजघराच्या कौलांतून आत आले. एक पिंपाच्या शेजारी पडला. तांदळाच्या पिंपाच्या, जिथे काकू पंधरा मिनिटांपूर्वी बसली होती. ती उठून न्हाणीत का गेली तर कौलांतून माती गळायला लागली आणि तिला खोकला आला. एवढंच कारण. दोघं साडेतीनपर्यंत न्हाणीत बसून होती, स्लॅबखाली, डब्यासकट.

पडवी सापडली शेजाऱ्यांच्या फणसात, अडकलेली, सगळे पत्रे जागच्या जागी! मी फणसावर चढून बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इथे पत्रा कुठे फाटलेलाच नाही. २४ फुटी पडवीतला एकही पत्रा हुकावरून सुटला नव्हता. सुटला होता तो पाईप आणि खांब यांचा जोड. पुढचे चार खांब चिऱ्याचे, त्यावर पाईप नुसता ठेवलेला आणि भोवती सिमेंटचा गोळा लावलेला. ना पट्टी, ना बोल्ट. सिमेंटच्या गोळ्यात पाईपाची अर्धगोल खूण तशीच राहिली होती, गुळगुळीत, जणू साच्यातून काढलेला पाईप.

आता जरा हिशोब, कंटाळा आला तर पुढे जा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट. मीटर प्रति सेकंदात वेग घ्यायचा, त्याचा वर्ग, गुणिले ०.६, की न्यूटन प्रति चौरस मीटर मिळतात. शंभरचा वारा धरला तर २७.८ मीटर प्रति सेकंद, दाब निघतो साधारण ४६० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ४७ किलो. पडवी १७.८ चौरस मीटरची. वरून ओढ आणि खालून ढकल मिळून तेवढाच जोर धरला, खरं तर तोंड उघड्या पडवीत तो जास्तच होतो, तरी आठशे किलोच्या वर गेलो. पडवीचं स्वतःचं वजन पत्रे-पाईप मिळून दोन-अडीचशे किलो. सहा चिऱ्यांचे पावणेदोनशे. काकांचे चिरे शर्यतीतच नव्हते, ते फक्त वर जाऊन खाली पडण्यासाठी होते.

आणि कौलं? एका चौरस मीटरला पंधराएक कौलं, एकेक अडीच किलोच्या आसपास, म्हणजे ३७-३८ किलो नुसतं वजनच. शिवाय कौलांच्या फटींतून हवा आतबाहेर होते, त्यामुळे आतला आणि बाहेरचा दाब फार वेगळा राहत नाही. पावसाळ्यात जी फट शिव्या खाते तीच वादळात घर वाचवते. सगळ्या घरावरची मिळून जी चारशेच्या वर कौलं गेली त्यातली निम्म्याहून जास्त पडवीने ओढून नेलेली कड आणि चिऱ्यांनी फोडलेली, नुसत्या वाऱ्याने गेलेली फक्त कडेकडेची आणि कोनाजवळची, म्हणजे दोन पाखी वर मिळतात तिथली. वाडवडिलांचं घर उभं राहिलं हे काका आजही सांगतात, आणि सांगू देत, पण ते चिऱ्यामातीमुळे नाही, वजनामुळे, उतारामुळे आणि फटींमुळे.

मी पोचलो ५ जूनला संध्याकाळी. चिपळूण ते दापोली एरवी दोन तासांचं काम, दापोलीपासून खाली उतरताना रस्ता म्हणजे नुसती आडवी झाडं, गावकरी कुऱ्हाडी-कोयते घेऊन एकेक गाडी जाईल एवढी वाट काढत होते. लॉकडाऊन चालू, तोंडाला मास्क, नेटवर्क शून्य. माझ्याकडे चार ताडपत्र्या, नायलॉनची दोरी, तारेचं भेंडोळं आणि मेणबत्त्या. मृग दोन दिवसांवर.

पहिला वाद तिथेच झाला. वाडीत कोणीतरी सांगून गेलं होतं की पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावू नका, नाहीतर पैसे मिळणार नाहीत. काका त्यावर ठाम. माजघरात आभाळ दिसतंय, गाद्या ओल्या, आणि हे म्हणतायत हात लावू नको. मी म्हटलं काका, तलाठी यायला आठ दिवस लागतील, त्याच्या आधी पाऊस येईल, मग पंचनाम्यात आख्खं घरच लिहावं लागेल. काकू मधे पडली, "फोटो काढ आणि झाक." तिचं वाक्य, माझं नाही. मग आम्ही दोन तास नुसते फोटो काढले: प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून, भोकाशेजारी टेप उघडून धरलेली, खांबावरच्या सिमेंटच्या खुणा, फणसातली पडवी, पडलेली पोफळ ओळीत उभं राहून मोजताना काका. फुटकी कौलं फेकली नाहीत, विहिरीमागे ढीग करून ठेवली, मोजून. पंचनाम्याच्या वेळी हे फोटो आणि तो ढीग दोन्ही कामाला आले, ग्रामसेवकांनी ढिगाचाही फोटो घेतला.

ताडपत्री घालण्याबद्दल एक. लोक ताडपत्री भोकावर टाकून वर दगड ठेवतात, पुन्हा तोच दगड! ताडपत्री कोनाच्या पलीकडे दोन-तीन फूट उतरवायची, नाहीतर पाणी वरच्या कडेने आत शिरतं, आणि कडा बांबूत गुंडाळून तो बांबू आतून रीपांना, म्हणजे कौलं ज्यावर बसतात त्या आडव्या पट्ट्यांना, दोरीने बांधायचा. आमच्या चार ताडपत्र्या ७ तारखेला दुपारी पुऱ्या झाल्या. पुढच्याच आठवड्यात पाऊस सुरू झाला, पहिल्या रात्री दोन ठिकाणी गळलं, दोन्ही ठिकाणी बादल्या ठेवून आम्ही झोपलो, त्या परिस्थितीत मी ते यशच धरलं.

विहीर. झावळ्या, पाला, एक मेलेला उंदीर. पाला काढला, उपसा करायला लाईट नाही, जनरेटर वाडीत एकच आणि रांग लागलेली. शेवटी दोन दिवसांनी नंबर लागला. उपसून झाल्यावर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली, प्यायच्या पाण्याला साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम हा हिशोब. विहीर आठ फूट व्यासाची, म्हणजे २.४ मीटर, पाणी तीन मीटर, एकूण साडेतेरा हजार लिटर, म्हणजे ३४-३५ ग्रॅम. पावडर आधी बादलीत कालवून, निवळू देऊन वरचं पाणी विहिरीत सोडायचं, चुना खाली राहतो तो टाकायचा नाही. तासभर तसंच ठेवायचं. तरी काकू पंधरा दिवस पाणी उकळूनच द्यायची आणि वर म्हणायची पाण्याला दवाखान्याचा वास येतोय.

वाडीत लाईट यायला महिना उलटला. त्या महिन्यात मी वायरिंग सगळं तपासून घेतलं, ओटीवरचा बोर्ड उघडला तर आत पाणी साचलेलं होतं, काकूने मेन बंद केला नसता तर लाईट आल्यावर काय झालं असतं देव जाणे.

कौलांची गोष्ट सुरुवातीला अर्धवट सोडली. नवी कौलं मिळत होती पण छाप वेगळा. काकू म्हणाली नवी कौलं एकत्र एका पाख्याला लाव, जुनी सगळी दुसऱ्या पाख्याला, मिसळू नको. साधी गोष्ट, पण सुतारालाही आधी सुचली नव्हती, तो जिथे भोक तिथे नवं कौल घालायला निघाला होता. मग आम्ही पश्चिमेचं आख्खं पाखं उतरवलं, त्यातली धड कौलं पूर्वेच्या पाख्यात भरली आणि पश्चिमेला सगळी नवी. उरलेली चाळीस जुनी आणि चाळीस नवी वेगवेगळी रचून ठेवली आहेत. खेडजवळ एक जुनं घर पाडत होते तिथे आमच्या छापाची दीडशे कौलं मिळाली तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

मंगळोरी कौलाच्या पोटाला एक टोक असतं, रीपेवर अडकायला, आणि त्यात बारीक भोक असतं. ते भोक कशाला हे वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही. ते तार घालायला असतं. आम्ही खालच्या दोन ओळी, कोनाला लागून असलेली ओळ आणि दोन्ही बाजूंच्या कडा, एवढीच कौलं तांब्याच्या बारीक तारेने रीपांना बांधली. सगळी का नाही? वानरं. वानरं दर आठवड्याला दोन-चार कौलं फोडतातच, मधली कौलं बांधून ठेवली तर बदलायला प्रत्येक वेळी तार कापावी लागेल आणि मग कोणी बदलणार नाही. वाऱ्याची ओढ कडेला आणि कोनाजवळ सगळ्यात जास्त, तिथे बांधलं की बरंचसं काम झालं. जीआयची, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही, पडवीचे हुक मी काढून बघितले तर वॉशरच्या खालचा दोरा आठ वर्षांत पापडासारखा झाला होता, बोटाने तुटला. म्हणजे जोड सुटला नसता तर पुढच्या वादळात हुक सुटलेच असते.

वासे भिंतीला कशाने धरलेत तर कशानेच नाही, वजनाने बसलेले. चिऱ्याची भिंत मातीतली, तिच्यात बोल्ट ठोकला तर चिराच निघून येईल. मग एक वासा सोडून एक, वाशाला एमएस, म्हणजे साध्या लोखंडाची, पट्टी मारून ती भिंतीच्या आतल्या बाजूने साडेतीन फूट खाली आणली आणि तिथे भिंतीतून आरपार बोल्ट घालून बाहेर प्लेट लावली, म्हणजे उचलायचं तर वासा एकटा उचलता येणार नाही, तेवढ्या भिंतीचं वजनही उचलावं लागेल. दिसायला वाईट दिसतं. काकूने त्या पट्ट्यांवर कॅलेंडरं लावली आहेत.

नवी पडवी करायची की नाही यावर गणपतीपर्यंत वाद चालला. मी म्हटलं नको. काका गप्प. काकू म्हणाली पडवीशिवाय कोकणात राहायचं कसं, लाकडं कुठे ठेवू, सुपारी कुठे वाळवू, पावसात आलेल्या माणसाला कुठे उभा करू. बरोबरच आहे, घर नकाशातल्या माणसासाठी नसतं. मग केली, पण वेगळी. चार लोखंडी खांब, प्रत्येकाखाली दीड बाय दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा काँक्रीटने भरलेला, एकेका खड्ड्यात तीनशे किलो, त्यात अँकर बोल्ट आणि वर बेसप्लेट. पाईप खांबाला पट्टी वळवून वेल्ड, सगळीकडे प्रायमर आणि दोन हात रंग. पत्रे स्क्रूने, कडेला प्रत्येक उंचवट्यावर, मधे एकाआड एक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नव्या पडवीचा घराच्या छपराशी काही संबंध नाही. मागे तिचे स्वतःचे खांब आहेत, छप्पर घराच्या पागोळीच्या सहा इंच खाली संपतं, मधे सुटी पन्हळ. काकांना हे पटेना, "घराला चिकटून हवी, आधार मिळतो." मी म्हटलं काका, मागच्या वेळी आधार कोणी कोणाला दिला? जायचंच असलं तर तिला एकटी जाऊ द्या.

पुढचा ओघ काकूला अडीच फूट हवा होता, झड येते म्हणून, मला एक फूट, कारण बाहेर आलेली कड म्हणजे वाऱ्याला पकडायला दिलेली मूठ. दीड फुटावर मिटलं आणि झडीसाठी माडाची झापं, विणून, काढता-घालता येतील अशी. वादळाचा इशारा आला की झापं आणि बाजूचं मेणकापड सोडायचं, म्हणजे पडवी तिन्ही बाजूंनी मोकळी.

पैशाचं. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने मदत ९५ हजारांवरून दीड लाख केली होती, बागायतीला हेक्टरी ५० हजार, दोन हेक्टरपर्यंत. नंतर झाडामागे हिशोब आला, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. काकांच्या पोफळीतली निम्मी आडवी झाली होती, श्रीवर्धनी रोठा, लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं घेणारी. पन्नास रुपये हा आकडा ऐकून काका हसले फक्त. घर आमचं अंशतः पडझडीत बसलं, त्यात किमान १५ टक्के नुकसान दिसायला लागतं, म्हणून ते फोटो.

पण खरी अडचण आकड्यांची नव्हती. घर ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, अजून आजोबांच्या नावावर, आजोबा १९८७ला गेले. वाडीच्या सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली तीन माणसं हयात नाहीत. मदत एका खात्यात घ्यायची तर बाकीच्यांची संमतीपत्रं हवीत आणि लॉकडाऊनमध्ये मुंबईच्या माणसाने सही कुठे करायची, पाठवायची कशी? व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले, ते कचेरीत चालले नाहीत, मूळ प्रत हवी म्हणाले, मूळ प्रत आली तर त्यात आत्याचं लग्नानंतरचं नाव आणि सातबाऱ्यावर माहेरचं. मी छप्पर दीड महिन्यात उभं केलं, कागद साडेतीन महिन्यांनी. माणसं वाईट नव्हती हो, तलाठ्याकडे कितीतरी गावं, तोही स्वतःच्या घराचे पत्रे शोधत होता. पण ज्यांची घरं कोकणात आणि वारस मुंबईत आहेत त्यांनी वारसनोंद मे महिन्यात गावी येता तेव्हाच करून टाका, आंबे खाता खाता.

विमा नव्हता. आता आहे. एप्रिल २०२१पासून भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळते, त्यात वादळ, पूर धरलेला आहे, आणि सामानाचा विमा इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, दहा लाखांपर्यंत, आपोआप येतो. रक्कम ठरवताना जागेची किंमत धरू नका, तेवढं घर आज पुन्हा बांधायला किती लागेल तेच धरायचं. पडवी वेगळी लिहून घ्या, आम्ही घेतली.

१६ मे २०२१ला तौक्ते आलं. तौक्ते म्हणजे म्यानमारच्या भाषेत पालीच्या जातीचा एक प्राणी, काकू म्हणाली पालच चुकचुकली म्हणायची. ते आमच्या समोरून समुद्रातून वर गेलं आणि दुसऱ्या रात्री गुजरातेत चढलं, त्यामुळे निसर्गच्या मानाने परीक्षा सोपी होती, हे मी काकांना मुद्दाम सांगितलं. इशारा आल्यावर झापं सोडली, पन्हळ उतरवली, मेन बंद, डबा न्हाणीत. पत्र्यावर चिरा नाही. नऊ कौलं गेली, नऊही मधली, न बांधलेली, रचलेल्या चाळीसातून अर्ध्या तासात बदलली. पडवी होती तिथेच. एक चूक माझी निघाली, टाकीच्या झाकणाला तार घातली नव्हती, ते गडग्यापलीकडे गेलं.

आणि त्यानंतर दोन महिन्यांनी, २२ जुलैला, वाशिष्ठीचं पाणी माझ्या स्वतःच्या चिपळूणच्या घरात शिरलं, माझी कागदपत्रं खालच्या कपाटात, कुठल्याही डब्यात नाहीत. काका फोनवर काही बोलले नाहीत. काकू बोलली.

आता दर वर्षी अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला मी जातो, काका खालून काठीने दाखवतात आणि मी शिडीवर चढून बांधलेल्या ओळींच्या तारा हलवून बघतो, खांबांच्या बेसप्लेटला गंज आला असेल तिथे खरवडून रंग लावतो. दोन तासांचं काम. मग जेवण, आणि जेवताना सातबाऱ्याचा विषय. अकरा नावांतली दहा मार्गी लागली. डोंबिवलीची सही अजून आलेली नाही.